हात पोहोचत नाही तिथला नट

आजचा विषय छोटा आहे, एका नटाएवढाच. पण ज्याने जुन्या गाडीखाली झोपून सायलेन्सरचा पाइप उतरवायचा प्रयत्न केलाय, त्याला ठाऊक आहे की हा नट अख्खा रविवार खातो. नागोठण्यात हा विषय मांडायला मला दुहेरी आनंद आहे. मुंबई-गोवा रस्त्यावरचं हे गाव असल्यामुळे गॅरेजवाले इथे भरपूर, आणि पेट्रोकेमिकल कारखान्यामुळे फ्लँजचे बोल्ट रोज हाताळणारे फिटरही भरपूर. दोघांचं ज्ञान आज एकत्र आणायचंय.

उदाहरणाला एकच गाडी घेऊ : एमजीबी. आज रस्त्यावर दिसणारी एमजी हेक्टर नव्हे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये बनलेली, १७९८ सीसी इंजिनाची, दोन माणसांची बसकी स्पोर्ट्स गाडी. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एमजी हे नाव हमखास ऐकू येतं, आणि हिची अडचण म्हणजे त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांची अडचण.

अडचण नेमकी काय? या इंजिनात हवा-पेट्रोल आत जाण्याचा आणि जळका धूर बाहेर पडण्याचा रस्ता एकाच बाजूला आहे, डाव्या. वर दोन कार्बोरेटर आणि त्यांच्याखाली बिडाचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. मॅनिफोल्डमधून दोन पाइप खाली उतरतात. प्रत्येक पाइपाच्या फ्लँजला तीन स्टड, म्हणजे एकूण सहा नट. बाहेरच्या बाजूचे नट दिसतात तरी. इंजिनाच्या अंगाला असलेले दिसतही नाहीत. वरून कार्बोरेटर आडवे येतात, खालून पाइप आडवे येतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, हे नशीब. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत त्याच जागेतून स्टिअरिंगचा दांडाही जातो.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो "जोर किती लावू?" हा नाही. "पाना सरळ कुठून जाईल?" हा आहे. अडलेला नट ताकदीने सुटत नाही, वाटेने सुटतो. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यात आलं. पुढे फक्त त्याचा अर्थ सांगतो.

वाट दोन प्रकारे मिळते. एक, वरून : कार्बोरेटर आणि त्यांच्याखालचा उष्णतारोधक पत्रा काढायचा. लोक हे टाळतात, कारण वाटतं की काम वाढलं. प्रत्यक्षात ते वाचतं. दुसरी, खालून : गाडी घोड्यांवर नीट टेकवायची (नुसत्या जॅकवर कधीच नाही), मग सॉकेट, त्याला युनिव्हर्सल जॉइंट, त्याला लांब एक्स्टेन्शन आणि शेवटी रॅचेट. एक्स्टेन्शन लांब घेतलं की तुमचा हात गर्दीबाहेर, मोकळ्या जागेत येतो.

युनिव्हर्सल जॉइंटचा स्वभाव समजून घ्या. तो जितका जास्त वाकेल तितका जोर नटाला फिरवण्याऐवजी सॉकेट तिरकं करण्यात जातो, आणि तिरकं सॉकेट नटाचे कोपरे खातं. म्हणून वाकण कमीत कमी ठेवायचं. जॉइंट लुळा पडून सॉकेट नटावर बसत नसेल तर त्याला चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. वाकेल, पण मान टाकणार नाही. सॉकेट सहा कोनीच घ्या. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटावर लवकर घसरतं.

आता मापाबद्दल. इथे आपल्याकडे खूप नट मरतात. एमजीबीचे नट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. आपल्या पेटीतला १३ चा पाना त्याच्यावर बसतो, म्हणून माणूस खूश होतो. पण ०.३ मिलिमीटरची ती ढिलाई मऊ पितळेच्या नटाला गोल करायला पुरेशी आहे. त्याआधीच्या एमजी टीसीची तर आणखी गंमत : तिच्या इंजिनात आटे मेट्रिक आणि नटांची डोकी मात्र व्हिटवर्थ मापाची! मॉरिसने कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, यंत्रं फ्रेंच मापाची होती, आणि इंग्लंडभर मेकॅनिकांच्या हातात पाने व्हिटवर्थचे होते. तात्पर्य काय, तर "बसतोय" म्हणजे "बरोबर आहे" असं नाही.

मी पितळेचा नट म्हणालो. तो पितळेचा का? पोलादी नट पोलादी स्टडवर तापून-गंजून एकजीव होतो. पितळ तसं गंजत नाही. शिवाय पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे काही बिघडायचंच झालं तर नटाचे आटे जातात, स्टड वाचतो. आणि पितळ तापल्यावर पोलादापेक्षा जास्त फुगतं, म्हणून कोमट नट थंड नटापेक्षा सहज हलतो. मागच्या कुणी तरी घाईत साधे लोखंडी नट लावले असतील तर हे सगळे फायदे गेलेच समजा. आपल्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने दमट हवा लोखंडाला सोडत नाही, आणि गाडी उभी राहिली की गंजाचं काम चालूच.

म्हणून क्रम असा. आदल्या संध्याकाळी इंजिन गार असताना तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा मारा. मग पाना लावा आणि हाताला काय कळतंय ते ऐका. नट सुटत असेल तर "कट्ट" असा झटका येतो. हाताला रबर पिळल्यासारखं लवचीक लागलं तर थांबा! तिथे नट फिरत नाहीये, स्टड पिळला जातोय. अशा वेळी किंचित उलटं, म्हणजे आवळायच्या दिशेला फिरवा, तेल द्या, पुन्हा सोडवा. पाव फेरा पुढे, थोडा मागे. गॅसची ज्योत हा शेवटचा उपाय, आणि कार्बोरेटर व पेट्रोलची नळी जागेवर असताना तोही नाही.

बसवताना इथल्या फिटरमंडळींना नवीन काही सांगायला नको. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा, असं फ्लँजवर कुणी करत नाही. पाइप आधी सैल लोंबकळू द्या, नवीन गॅस्केट, नवे पितळी नट, आट्यांना तांब्याचं ग्रीस. मग तिन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे. नट अवघड जागी नेताना सॉकेटमध्ये ग्रीसचा ठिपका लावा म्हणजे तो वाटेत पडत नाही. सुरुवातीचे आटे बोटांनीच धरवा. इंजिन एकदा तापून गार झालं की पुन्हा तपासा.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप एका नटासाठी? तो अवघड म्हणून सोडून दिला तर काय बिघडतं? पाच नट आवळले, सहावा राहिला, गाडी तर चालते! बिघडतं ते असं : त्या फटीतून कार्बन मोनॉक्साइड गळतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. बसायची जागा त्या जोडाच्या अगदी मागे आहे, मधल्या पत्र्याला जुनी भोकं असतात. आणि पावसात शटर खाली ओढून आपण गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवतो. डोकं दुखायला लागलं तर चहाची तल्लफ समजू नका. इंजिन बंद करा आणि बाहेर या. गळतीला कमी लेखू नये, हे नोव्हेंबर १९९० चा स्फोट आठवणाऱ्या या गावाला वेगळं सांगायची गरज नाही.

गळती ओळखायची खूण सोपी आहे. गार इंजिन सुरू केल्यावर "टिक टिक" आवाज येतो, तापल्यावर कमी होतो किंवा थांबतो. थांबला म्हणजे बरं झालं असं नव्हे. लोखंड फुगून फट तात्पुरती बुजली. जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला तर खात्री झाली.

तेव्हा ज्यांच्याकडे अशी गाडी दुरुस्तीला येते त्यांना एकच सांगणं : मालकाला आधीच सांगा की कार्बोरेटर काढावे लागतील, त्याचे दोन तास धरा आणि त्याची मजुरी मागा. जो नट दिसत नाही त्याचं काम कुणी मोजत नाही, म्हणून ते अर्धवट राहतं. आपण ते मोजायला शिकलो, तर ते पूर्ण होईल. आता प्रश्न घेऊ.