विकत घेतलेले पुस्तक

महिन्याचा हिशेब मांडताना पुस्तकखरेदीचा रकाना बहुतेक मध्यमवर्गीय घरांत सर्वांत शेवटी येतो आणि काटकसरीची वेळ आली की सर्वांत आधी पुसला जातो. किराणा, घरभाडे, शाळेची फी, औषधपाणी यांची निकड असते. पुस्तक मात्र चैनीत मोडते. वाचायचेच असेल तर ग्रंथालय आहे, स्नेह्यांचे कपाट आहे. मग पैसे कशाला घालवायचे, असा व्यवहारी प्रश्न विचारला जातो. प्रश्न गैर नाही. रत्नागिरीत १८२८ साली आणि पुण्यात १८४८ साली ज्यांनी वाचनालये उभारली, त्यांचे ऋण महाराष्ट्र विसरू शकत नाही. तथापि उसने आणलेले पुस्तक आणि विकत घेतलेले पुस्तक यांत एक अंतर राहतेच.

उसने पुस्तक मुदतीचा पाहुणा असते; परतीच्या तारखेवर डोळा ठेवूनच त्याची पाने उलटली जातात. स्वतःच्या पुस्तकाला घाई नसते. त्यावर नाव आणि तारीख घालता येते, समासात पेन्सिलीने खूण करता येते, आणि दहा वर्षांनी तीच खूण पाहून आपण किती बदललो हेही उमगते. शिवाय निवडीचा आनंद वेगळाच. हातात तीन पुस्तके आणि खिशात एकाचेच पैसे, अशा अवस्थेत अनुक्रमणिका चाळणारा, मधलेच एखादे पान वाचून पाहणारा ग्राहक दुकानातच अर्धा वाचक झालेला असतो. हवे ते सर्व सहज घेऊ शकणाऱ्याला ही गोडी क्वचितच कळते.

पुस्तक ही भरल्या पोटाची हौस आहे, हा समज तर इतिहासानेच खोटा ठरविला आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत राहणारे सेवानिवृत्त सुभेदार रामजी यांच्यापाशी मुलाच्या पुस्तकांसाठी पैसे नसत. अशा वेळी ते मुंबईतच असलेल्या विवाहित मुलींकडे जात. तेथेही पैसे नसले तर दागिना मागून तो गहाण ठेवीत, आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत देत. त्या मुलाने, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, पुढे दादरला ‘राजगृह’ बांधले ते आपल्या ग्रंथसंग्रहाला पुरेशी जागा मिळावी या हेतूने. आजही ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी लोटते. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे परतताना शिदोरीच्या पिशवीतून नवी पुस्तके घरी नेतात. त्यांच्या लेखी ती चैन नसते.

या खरेदीची दुसरी बाजू लेखकाची आणि प्रकाशकाची. मराठी पुस्तकाची आवृत्ती वर्षानुवर्षे हजाराच्या आसपास प्रतींचीच राहिली. एवढ्या लहान बाजारात एकेका ग्राहकाला मोल येते. १९७० च्या दशकात ‘ग्रंथाली’ने वाचकांनाच हाताशी धरून चळवळ उभी केली, तिच्याच वतीने १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध झाले. जे जीवन मराठी घरांना परके होते, ते त्या घरांतील फडताळांत जाऊन बसले. वाचकाने पदरमोड करून नवा लेखक घरात घेतला नाही, तर प्रकाशक खपाऊ मालावरच विसंबू लागतो, आणि नवा आवाज हस्तलिखितातच अडकून पडतो. भ्रमणध्वनीवर फुकट फिरणाऱ्या पुस्तकांच्या नकला वाचकाचे चार पैसे वाचवितात खऱ्या. पण त्याच लेखकाचे पुढचे पुस्तक निघण्याची शक्यता त्या कमी करतात.

म्हणून काही भव्य संकल्प करण्याची गरज नाही. दरमहा शक्य नसेल, तर तीन महिन्यांतून एक पुस्तक पुरे; पण ते स्वतः निवडलेले, हाताळून घेतलेले असावे. दहा वर्षांत चाळीस पुस्तके होतात. एका फळीवर मावतील एवढीच ती. परंतु घरातील मूल ज्या दिवशी कोणी न सांगता त्यांतील एक खाली काढील, त्या दिवशी हिशेबाच्या वहीतील तो शेवटचा रकाना सर्वांत शहाणपणाचा ठरेल.