बंबाचं खालचं तोंड

थंडीच्या अंकासाठी जुन्या नाशकातल्या तांब्या-पितळेच्या बाजारावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. म्हणून तांबट लेन आणि भांडी बाजार फिरलो. या धंद्याचा इतिहास सांगायला वेळ लागत नाही. गोदाकाठच्या या तीर्थक्षेत्री येणारा यात्रेकरू गंगाजळाचा गडू, पळी-पंचपात्र, समई घेऊन परतायचा आणि त्यावर तांबट-कासारांची घरं चालायची. १८८३ सालच्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल घेतली आहे. पूजेची उपकरणी आजही खपतात. मी मात्र दुकानाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या बंबापाशी थांबलो आणि तिथून हललो नाही.

महाराष्ट्रातल्या कित्येक घरांच्या परसात, न्हाणीच्या दाराशी बंब पेटायचा. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत तो आजही पेटतो. निफाडचा पारा हिवाळ्यात अनेकदा पाच अंशांखाली उतरतो, तिथे पहाटेच्या कढत पाण्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही. बंबाची घडण साधी दिसते. बाहेर तांब्याचं गोल पिंप, मधोमध खालून वरपर्यंत आरपार गेलेला नळा, नळ्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायची जागा आणि या सगळ्याला उचलून धरणारे पाय. पाणी पिंप आणि नळा यांच्या मधल्या पोकळीत. नरसाळ्यातून ओतलेलं गार पाणी तळाशी जातं, हलकं झालेलं गरम पाणी वर राहतं आणि वरच्या अंगाला असलेल्या तोटीतून बाहेर पडतं. एक बादली ओता, एक बादली घ्या. पंप नाही, झडप नाही, वीज नाही. ज्या कुणी हे पहिल्यांदा जुळवलं, त्याच्या बुद्धीला माझा मनापासून नमस्कार आहे.

पण या घडणीत एक हट्टी अडचण दडलेली आहे. बंबातली आग चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली असते. तांबं उष्णता झपाट्याने पाण्याला देऊन टाकतं, त्यामुळे नळ्याची भिंत शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही. लाकूड तापलं की सुक्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग वायू होऊन निघतो, आणि तो वायू पुरता जळायला सहाशे अंशांच्या आसपासची धग लागते. गार भिंतीला टेकलेली ज्योत तिथेच विझते. अर्धवट जळलेला वायू धूर होऊन वर जातो, काजळी आणि डांबरासारखा काळा थर होऊन नळ्याला चिकटतो. काजळी उष्णता अडवते. म्हणजे आज धुमसलेला बंब उद्या आणखी सरपण मागतो.

यावर उपाय एकच, हवा. किलोभर सुकं लाकूड पुरतं जळायला साधारण सहा किलो हवा लागते. बंबाला ती एकाच वाटेने मिळते, खालच्या तोंडातून जाळीवर. काही बंबांना तिथे सरकतं दार असतं, काहींना नुसतं उघडं तोंड. मग विटेचा तुकडा किंवा पत्रा आडवा लावून काम भागवतात. हवा आत येते ती नळ्याच्या ओढीने. नळ्यातला गरम वायू हलका होऊन वर निघतो आणि मागोमाग खालून गार हवा खेचतो. नळ्याचं वरचं टोक मात्र दुहेरी कामाचं आहे. धूर तिथून जातो आणि सरपणही तिथूनच टाकतात.

इथे मी बराच वेळ घालवला, कारण बहुतेक चुका याच टोकाला होतात. लाकूड लवकर संपू नये म्हणून वरच्या तोंडावर झाकण सरकवून ओढ कोंडतात. जाळ मंदावतो, लाकूड पुरल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा वायू न जळताच निसटत असतो. दुसरी चूक नळा ठासून भरायची. खालचे निखारे सगळा प्राणवायू खाऊन टाकतात आणि वरच्या लाकडातून निघालेल्या वायूला जळायला काही उरत नाही. म्हणून ढलप्या बारीक, खडखडीत वाळलेल्या, आणि थोड्या-थोड्या वेळाने दोन-तीनच टाकायच्या. पेटताना खालचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचं. ज्योत स्थिर झाली, धूर विरळ झाला, की तोंड हळूहळू अर्ध्यावर आणायचं. नुसता विस्तव उरला की दोन बोटांची फट पुरते. तेव्हा ते सताड उघडं राहिलं तर जादा गार हवा नळ्यातून वाहत जाते आणि आयती उष्णता वर आकाशात नेऊन सोडते. हवा कमी पडली की धूर दाट होतो. जादा झाली की नळा घोंघावतो आणि पाणी मात्र तापत नाही. जाळीखाली साचलेली राखही तोंड बंद केल्यासारखीच, ती रोज काढायची.

हिशेब करून पाहिला. वीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून साठ अंशांवर न्यायला जेमतेम पाव किलो सुक्या लाकडातली उष्णता पुरते. चारपैकी तीन हिस्से वाया जाऊ दिले, तर त्याच पाण्याला किलोभर लाकूड लागेल. ही नासाडी टाळायला नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या ६३० मेगावॅटच्या वीजकेंद्रात भट्टीची हवा पंखे ढकलतात आणि धुरातला प्राणवायू यंत्रं मोजतात. बंबापुढचा प्रश्न तोच आहे, फक्त तो बसल्या जागी डोळ्यांनी आणि कानांनी सोडवायचा असतो.

अमेरिकेतल्या थंड मुलखात घराबाहेर लाकडाचे मोठे बॉयलर असतात. पाण्याच्या आवरणातली आग, हवा कोंडली की धुमसणं, शेजाऱ्यांना धूर, हे सगळं तिथेही झालं आणि २०१५ साली तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नव्या बॉयलरांच्या धुरावर देशभर मर्यादा घातल्या. आपल्या बंबाला अशी कुठलीच मर्यादा नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच. नाशिक हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर आहे. डिसेंबरच्या पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूरही तिच्यासोबत खालीच राहतो.

सरपणाचाही प्रश्न आहे. द्राक्षबागांची छाटणी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये होते, काड्यांचे ढीग फुकट मिळतात. एप्रिलच्या काड्या उन्हाळाभर वाळवून पावसात झाकल्या तर थंडीत छान जळतात. ऑक्टोबरच्या ओल्या काड्या नोव्हेंबरात बंबात टाकल्या की जाळातला एक हिस्सा त्यांतलं पाणी उडवण्यातच जातो. त्याहून वाईट म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, रंगवलेल्या फळ्या, बुटांचे तळवे. बंब हा कचरा जाळायचा खड्डा नव्हे, आणि पिशवीचा धूर सगळ्यात आधी जातो तो पाणी काढायला वाकलेल्या बाईच्या छातीत.

सगळ्यात मोठा धोका मात्र दिसत नाही. धूर थांबला, लाल विस्तव उरला, की अनेकजण बंब उचलून न्हाणीत घेतात आणि दार लावतात. त्याच वेळी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. बंब उघड्यावरच राहिला पाहिजे, पाणी बादलीने आत न्यावं. शिवाय आधी पाणी, मग आग, हा क्रम कधी उलटू नये. कथील २३२ अंशांना वितळतं. कोरड्या बंबात जाळ केला तर डाख दिलेले सांधे सुटायला वेळ लागत नाही, आणि नळ्याचा सांधा नीट झाळून देणारे हात आता शोधावे लागतात.

धूर उंच सोडावा म्हणून नळ्यावर पत्र्याचं लांब धुराडं बसवणं हा उघड उपाय. उंची वाढली की ओढ वाढते, जाळ स्वच्छ होतो, धूर डोक्यावरून जातो. पण मग सरपण टाकायचं कुठून? दर खेपेला तापलेलं धुराडं उतरवणं शक्य नाही. बाजूने दार काढायचं तर ते पाण्याच्या आवरणातून आरपार न्यावं लागतं, म्हणजे आणखी एक झाळलेला सांधा, गळतीची आणखी एक जागा आणि जास्तीचं तांबं. तांब्याचे आजचे भाव पाहता त्या दाराचा खर्च गिऱ्हाईक द्यायला तयार नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून तसा बंब कुणी घडवायला घेत नाही.