दहावीची बॅच, बालाघाटाची वाट

मे महिना उजाडला की लातूर-नांदेडकडची मंगल कार्यालयं लग्नांइतकीच स्नेहमेळाव्यांसाठीही घेतली जातात. दहावीची बॅच, बारावीची बॅच, इंजिनिअरिंगची बॅच. बॅनर लागतो, सरांचा सत्कार होतो, पंगती उठतात, फोटो निघतो आणि संध्याकाळी हॉल रिकामा करून द्यावा लागतो. पंचवीस वर्षांनी भेटलेल्या माणसांचं बोलणं तोवर 'सध्या कुठं असतोस' याच्या पुढं सरकलेलं नसतं.

त्यापेक्षा दोन-तीन गाड्या काढाव्यात आणि लातूरहून नांदेडमार्गे माहूरपर्यंत डोंगरानं जावं. एकाच गाडीत तासन् तास मांडीला मांडी लावून बसलं की जुने वर्गमित्र आपोआप बोलू लागतात.

मित्रांना उघड्यावर जमवण्याची रीत लातूरला नवी नाही. येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, अख्खा जिल्हा शेतात असतो. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे आणि मडक्यातलं आंबील. ज्याला शेत नाही त्यालाही कुणाचं तरी आवतण असतंच. पण पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेल्याला त्या दिवसाची रजा मिळत नाही. सगळ्यांना जमेल अशी सुट्टी एकच, मुलांच्या शाळेची.

रेल्वेचा मार्ग इथं आडवळणाचा आहे. नांदेड आणि लातूर ही शेजारची शहरं, तरी त्यांना जोडणारी थेट रेल्वे नाही. गाडी परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घालते. सरळ जायचं तर चाकूर, अहमदपूर, लोहा असा १४० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. तुळजापूरहून निघून नागपूरजवळच्या बुटीबोरीला जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तो हाच.

हा रस्ता बालाघाटावरून जातो. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. घाटावरचा उंच मुलूख तो बालाघाट. लातूर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच, तर गोदाकाठचं नांदेड ३६० मीटरच्या आसपास. म्हणजे पूर्ण प्रवास हळूहळू उताराचा आहे. महाबळेश्वरसारखी दरी इथं नाही. लांबच लांब, सपाट माथ्याच्या डोंगररांगा आणि त्यांच्या मधल्या पसरट खोऱ्यांतून वाहणाऱ्या मन्याड, लेंडी, तिरू या नद्या.

उन्हाळ्यात इथं पाहायचं काय, असं बाहेरचे विचारतात. उत्तर असं, की बालाघाट कसा घडला हे उन्हाळ्यातच दिसतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांच्या पायऱ्या पावसाळ्यात गवताखाली झाकून जातात. मे महिन्यात माळ बरड होतो, गवत जळून जातं आणि प्रत्येक थर उघडा पडतो. पुढं देगलूर-बिलोलीकडं हा काळा खडक संपून ग्रॅनाइट सुरू होतो. भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेलं 'दख्खनचं पठार' इथं गाडीच्या खिडकीतून दिसतं.

लोह्याआधी माळेगाव लागतं. मार्गशीर्षातल्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट यांच्या बाजारानं गजबजणारा हा माळ मे महिन्यात शांत असतो.

लोह्याला मात्र गाडी कंधारकडं वळवावीच. मराठवाड्यातल्या पोरांची शाळेची सहल बहुधा वेरूळ-अजिंठ्याला जाते आणि कंधार राहून जातं, ही खरोखर उणीव आहे. इथला किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. भोवती खंदक, आत राष्ट्रकूटांपासून पुढच्या अनेक राजवटींच्या खुणा. दहाव्या शतकातल्या राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळाशी या गावाचं नातं आहे. 'कंधारपुराधीश्वर' हे बिरुद त्याच काळची आठवण. क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे भग्न अवशेष परिसरात सापडले आहेत. ते पाहिल्यावर मूळ मूर्ती केवढी असेल, या विचारानं माणूस गप्प होतो. जवळच जगत्तुंग समुद्र हा प्राचीन तलाव आणि हाजी सय्याह यांचा दर्गा. याच मातीतली लालकंधारी बैलजोडी आजही औताला जुंपलेली दिसते. उदगीर भागातल्या देवणीचं कौतुक करणारा लातूरकर आणि लालकंधारीचा अभिमानी नांदेडकर एका गाडीत असले, तर पुढचा तासभर बैलांवरच बोलणं चालतं.

दुपारचं ऊन चढायच्या आत नांदेड गाठावं. मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी जिथं देह ठेवला, त्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरमध्ये मित्रांची पंगत बसवावी. डॉक्टर, शेतकरी, शिक्षक, कुणी पुढारी असेल तर तोही, एकाच ओळीत जमिनीवर. शाळेच्या सतरंजीनंतर असं बसणं फार थोड्यांच्या वाट्याला आलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे माहूर, सव्वाशेएक किलोमीटर. अर्धापूर, हदगाव मागं पडतं आणि डोंगर दाट होतात, सागाचं जंगल लागतं. साडेतीन शक्तिपीठांतलं रेणुकेचं ठाणं, दत्तशिखर, अनसूयाशिखर आणि खाली वळसा घालणारी पैनगंगा. रेणुकेचा कुटलेला तांबूल सगळ्यांसाठी घ्यावा. याच दिवसांत किनवट-माहूरच्या रानात आदिवासी कुटुंबं पहाटेपासून तेंदूपानं गोळा करत असतात. आपल्यासाठी सहल असलेला हा उन्हाळा त्यांच्या वर्षभराच्या कमाईतला मोठा वाटा आहे, हे मुलांना गाडीतच सांगावं. परतताना इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाला थांबावं. धार आटलेली असते, पण पाण्यानं शतकानुशतकं कोरलेला कातळ उघडा पाहायला हीच वेळ बरी.

तारीख मात्र मे महिन्यात ठरवायला बसू नका, तेव्हा कुणाचं ना कुणाचं लग्न आडवं येतं. दिवाळीला सगळे गावाकडं आलेले असतात. फराळाच्या ताटावरच पुढच्या उन्हाळ्याचे दोन दिवस राखून ठेवा, आणि जो मित्र कित्येक वर्षांत कुठल्याच मेळाव्याला आलेला नाही, त्याला पहिला फोन करा.