दिव्यासाठी पंखा का लावायचा?

डिसेंबरातली रात्र. आई शाल गुंडाळून वाचत बसलेली आणि डोक्यावर पंखा सुरू. तो बंद केला तर दिवाही जायचा, आणि रेग्युलेटर एकवर आणला की दिवा थरथरायचा. खाली दिवा असलेला पंखा आम्ही हौसेनं आणला होता. बसवणाऱ्यानं छतातल्या दोनच वायरींवर दोन्ही जोडून दिलं.

आपल्या घरांत पंखा छताला आणि ट्यूब भिंतीला. म्हणून पंख्याच्या हुकापर्यंत सहसा दोनच वायरी येतात: बटण आणि रेग्युलेटरमधून आलेला फेज, आणि न्यूट्रल. दिवा वेगळा चालवायचा तर त्याच्यासाठी आणखी एक फेज हवा. न्यूट्रल दोघांत एकच चालतो. बोर्डात आलेला फेज एका बटणावरून दुसऱ्यावर लूप करायचा. पंख्याच्या बटणातून तो रेग्युलेटरमध्ये जातो, दिव्याच्या बटणातून थेट दिव्याकडे. रेग्युलेटरचा दिव्याशी संबंधच ठेवायचा नाही. सोबत अर्थिंगची हिरवी वायरही न्यावी. जुन्या घरांत तीच हमखास नसते.

दोन चुका मला फार धोक्याच्या वाटतात. बटणानं फेजऐवजी न्यूट्रल तोडला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच राहतात. बटण बंद असूनही एलईडी रात्रभर मिणमिणत असेल, तर ही चूक आधी तपासा. दुसरी, जवळ पडतो म्हणून भलत्याच सर्किटचा न्यूट्रल उचलणं. तो न्यूट्रल फेजच्याच आरसीसीबीतून (गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचमधून) येत नसेल, तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी दिवा लावताच पडू शकते. लाल वायर म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल, हेही जुन्या घरात गृहीत धरू नये. मेन बंद करून टेस्टर लावूनच हात घालावा, आणि नवी वायर ओढायचं काम परवाना असलेल्या वायरमनलाच द्यावं.

रिमोटवाला बीएलडीसी पंखा दोन वायरींवरच दिवा आणि पंखा वेगळे चालवतो. साध्या पंख्याच्या साधारण ७५ वॅटऐवजी तो तीसेक वॅट खातो, आणि त्याच्यासाठी जुना रेग्युलेटर काढून टाकावा लागतो. पर्याय चांगला आहे. पण म्हाताऱ्या माणसानं अंधारात पांघरुणात रिमोट शोधत बसावं, हे मला पटेना. भिंतीवरचं बटण जागच्या जागी असतं.

आमच्या वायरमनदादांनी पाइपात स्प्रिंग घातली, ती वळणावर अडकली. दुसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी जुन्या वायरींच्या टोकाला नव्या वायरी घट्ट बांधल्या, वर टेप गुंडाळला आणि बोर्डाकडून आम्ही सावकाश ओढत गेलो. वरून ते पुढे सारत होते. तासाभरानं हिरव्या वायरीचं टोक बोर्डात दिसलं.

आईनं दिव्याच्या बटणावर एक फुगीर टिकली चिकटवली आहे. अंधारात बोटाला कळते.