गाडी सांभाळून घेते तेव्हा

महागड्या गाड्या बंद पडण्याआधी काहीतरी सांगत असणार, ते ऐकू येणारा माणूस शोधा, असं संपादकांनी सुचवलं. तसा माणूस मला नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये भेटला. सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकलेले, आता पन्नाशीला आलेले मेस्त्री. हाताखालची पोरं त्यांना मामा म्हणतात. शेडमध्ये दोन जर्मन सेडान आणि एक एसयूव्ही उभी होती. स्कॅनर टेबलावर तसाच ठेवून मामांनी खिशातून सुताराकडे असतो तसला मेजरिंग टेप काढला आणि चाकाशी उकिडवे बसले.

गाडीच्या धंद्याशी नाशिकचं नातं जुनं आहे. महिंद्राची स्कॉर्पिओ इथूनच देशभर गेली. त्र्यंबक रोडवरच्या चौकाला लोक मायको सर्कल म्हणतात, ते मोटर इंडस्ट्रीज कंपनीच्या कारखान्यामुळे. २००८ साली त्या कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं. डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर ही या कारखान्याची ओळख. बॉशचं कॉमन रेल तंत्र १९९७ मध्ये पहिल्यांदा ज्या गाड्यांत आलं, त्यात मर्सिडीजची सी-क्लास होती. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात बनते आणि ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळते. एवढं सगळं शे-दोनशे किलोमीटरच्या टापूत आहे. तरीही या गाड्यांचं दुखणं वेळेत ओळखणारी माणसं शहरात मोजकीच आहेत.

मामांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं: "जुनी गाडी लगेच बोंब मारायची, ही सांभाळून घेते." कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला की जुनी गाडी झटके द्यायची. आजच्या महागड्या गाडीत कितीतरी छोटे संगणक असतात आणि प्रत्येकाचं काम एकच, मालकाला धक्का जाणवू द्यायचा नाही. एखादा भाग कमजोर पडला की दुसरा त्याची कसर भरून काढतो. ही भरपाई ठरलेल्या मर्यादेबाहेर जाईल तेव्हाच डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागतो त्या दिवशी आजार जुना झालेला असतो. म्हणून मामा दिवा शोधत नाहीत. गाडी कुठे जास्तीचे कष्ट घेते आहे, ते शोधतात.

टेप त्यासाठीच होता. ती सेडान एअर सस्पेन्शनची होती. १९९८ च्या मर्सिडीज एस-क्लासपासून हे तंत्र बड्या गाड्यांत रुळलं. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगा असतो आणि एक छोटा कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो. प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर असतो. कुठलाही कोपरा खाली गेला की कंट्रोल युनिट झडप उघडून तिथे हवा सोडतं. खड्ड्यातून जाताना आतल्या माणसाला फारसं काही कळत नाही, ते या हवेच्या फुग्यामुळे.

रबर जुनं झालं की फुग्याच्या घडीत बारीक चिरा पडतात. दिवसा गाडी चालू असताना हवा गळते आणि कॉम्प्रेसर ती पुन्हा भरतो. मालकाला फरक जाणवत नाही. रात्री गाडी उभी राहिली की भरणारा कोणी नसतो. मामा संध्याकाळी चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजून खडूने लिहून ठेवतात आणि सकाळी गाडी चालू करण्याआधी पुन्हा मोजतात. तीन कोपरे तसेच आणि एक बोटभर बसलेला दिसला, तर आजाराचा पत्ता लागला. मग गाडी वर उचलून फुग्यावर साबणाचं पाणी मारायचं. चीर असेल तिथे बुडबुडे येतात.

हे वेळेत केलं तर एक फुगा बदलावा लागतो. नाही केलं तर नुकसान एकेका पायरीने वाढत जातं. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर ठरलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त चालतो, तापतो, झिजतो. आत येणाऱ्या हवेतली ओल शोषायला सिलिका जेलचा ड्रायर असतो, तोही भरून जातो आणि ओल झडपांपर्यंत पोचते. शेवटी फुगा, कॉम्प्रेसर आणि झडपांचा ब्लॉक, तिन्हींचं बिल एकदम येतं. त्यातच बसलेल्या कोपऱ्याचं चाक आतल्या बाजूला कलतं आणि टायर आतल्या कडेने झिजतो. बाहेरून पाहिलं तर टायर नवा वाटतो. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आता नाशिकची गाडी त्या रस्त्यावर ताशी १२० ने धावते. तिथे आतून झिजलेला टायर फुटला तर खर्चाचा हिशेब मागे राहतो, प्रश्न जिवाचा होतो. मामा टायरवरून हात फिरवतात तो नेहमी आतल्या कडेवरून. टेप आणि खडूत एवढं सामर्थ्य असू शकतं, हे मला त्या शेडमध्ये पटलं.

हीच नजर ते बाकीच्या गाडीवरही ठेवतात. डिझेल इंजिनात संगणक प्रत्येक सिलिंडरला किंचित कमी-जास्त डिझेल देऊन इंजिन एकसारखं चालवतो. त्या दुरुस्तीचे आकडे स्कॅनरवर दिसतात. एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपासून लांब पळत असेल, तर इंजिन कितीही गुळगुळीत चालो, इंजेक्टर संशयित ठरतो. मग इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना बाटल्या लावून कुठला किती डिझेल परत सोडतो, ते पाहायचं.

इंजिन ऑईल कमी झालं की सगळे घाबरतात, पण काही वेळा खरी भीती ते वाढण्याची असते. गाडी फक्त कॉलेज रोड ते गंगापूर रोड अशी शहरात फिरली की सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर पुरेसा तापत नाही. तो तापवायला इंजिन जादा डिझेल सोडतं आणि त्यातलं काही ऑईलमध्ये उतरतं. ऑईलची पातळी चढते, पण ऑईल पातळ होतं आणि बेअरिंग झिजू लागतात.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पाणी कार्पेटखाली साचतं. काही गाड्यांत तिथेच कंट्रोल युनिट बसवलेलं असतं. दरवाजा उघडल्यावर येणारा कुबट वास ही त्याची पहिली सूचना. निफाडच्या थंडीत सकाळी बॅटरीचा खरा कस लागतो. इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय काम करेनाशी झाली, तर गाडी बॅटरीची ताकद वाचवत असू शकते. कसारा घाट चढून आल्यावर गोडसर वास आला, तर कूलंटच्या जोडांभोवती वाळलेली खार शोधावी.

सेकंडहँड गाडी घेताना मामा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतात. २ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरीला मोठा पूर आला होता. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकता येते, पण बेल्टच्या गुंडाळीतला गाळ आणि सीटखालच्या बोल्टवरचा गंज सहसा राहून जातो.

मात्र ही विद्या टिकायची कशी, याची काळजी मला तिथून निघताना वाटत होती. पहिली अडचण कायद्यातच आहे. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. ब्रेक, दिवे, स्टिअरिंगचा ढिलेपणा यंत्रावर तपासणारं स्वयंचलित केंद्र नाशिकमध्ये आहे आणि ते देशातल्या अशा पहिल्या केंद्रांपैकी एक आहे. खासगी गाडीची नोंदणी मात्र एकदम १५ वर्षांची होते. तोवर धुराची पीयूसी सोडली तर कुठलीही तांत्रिक तपासणी सक्तीची नाही. टेम्पोची तपासणी होते आणि ताशी १२० ने जाणारी दोन टनांची गाडी मालकाच्या भरवशावर सोडली जाते.

दुसरी अडचण कुलपांची. नव्या गाड्यांत बाहेरच्या स्कॅनरला बऱ्याच ठिकाणी प्रवेश मिळत नाही. कंपनीच्या परवानगीशिवाय नवा भाग बसवला तरी गाडी तो ओळखत नाही. चोरी आणि छेडछाड रोखायला हे गरजेचं आहे, असं कंपन्या सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण त्यामुळे वॉरंटी संपलेल्या गाडीचा मालक एकाच दारात उभा राहतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत. त्या हक्काला कायद्याचं बळ मिळाल्याशिवाय अंबडच्या शेडपर्यंत काही पोचणार नाही.

तिसरी अडचण माणसांची. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तेवढ्यात पाना धरायला येतो, पण आकड्यांमागचं दुखणं वाचायला त्यानंतर बरीच वर्षं जातात. पोरं स्कॅनरने दाखवलेला कोड वाचून सुटा भाग बदलायला लवकर शिकतात. कोड येण्याआधीचं वाचायला शिकवणारे मामांसारखे गुरू कमी आहेत आणि मालकही त्या तपासणीचे पैसे द्यायला कुरकुरतात. काही बिघडलंच नाही, मग पैसे कसले, हा प्रश्न मामांना रोज ऐकावा लागतो.

माझ्या मते त्या पैशांइतका सत्कारणी लागलेला खर्च दुसरा नाही. सातपूरच्या आयटीआयने अशा मेस्त्र्यांना शिकवायला बोलवावं, सरकारने खासगी गाड्यांनाही आठव्या वर्षापासून यंत्रावरची तपासणी लावावी. आणि तुमच्या दारात अशी गाडी असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला फक्त "काही एरर आहे का" एवढं विचारून थांबू नका. इंजेक्टरच्या दुरुस्तीचे आकडे, कॉम्प्रेसर किती चालला, ऑईलची पातळी आणि टायरची आतली कड, या चार गोष्टी लेखी मागा आणि जपून ठेवा.