लाखोळीची डाळ खावी की खाऊ नये?

धान कापणीला येण्याआधी बांधीतल्या ओलीवर लाखोळीचे बी फेकायचे. नांगरणी नाही, पाणी नाही, तरी पीक हाती येते. आपल्या भंडारा-गोंदियाच्या घरांत लाखोळीचे वरण आणि वडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मात्र ‘डॉक्टर, या डाळीने पाय जातात म्हणे, खरे का?’ हा प्रश्न मला आजही हमखास विचारला जातो.

भीती निराधार नाही. लाखोळीत ‘ओडॅप’ नावाचे द्रव्य असते. ते मज्जासंस्थेला अपाय करते. पोटऱ्या आखडतात, पाय ताठ होतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो आणि पुढे काठीशिवाय चालता येत नाही. या रोगाला ‘लॅथिरिझम’ म्हणतात. एकदा गेलेली पायांची शक्ती परत आणणारे औषध नाही. मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळे. तिथे असे कितीतरी लोक अपंग झाले. १९६१ मध्ये केंद्राच्या नियमांनी लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली.

महाराष्ट्राने २००८ मध्ये ती उठवली. बंदी उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी अनेक वर्षे लढा दिला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गोंदिया जिल्ह्यात केलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. लोक लाखोळी खात असूनही रोग फारसा आढळला नाही. २०१६ मध्ये रतन, प्रतीक व महातिवडा या कमी ओडॅपच्या वाणांना मोकळीक देण्याची चर्चा देशभर झाली. विरोधकांचा आक्षेपही रास्त आहे. पाण्याचा ताण पडला की दाण्यातील ओडॅप वाढते, शिवाय बाजारात डाळ पाहून वाण ओळखता येत नाही.

माझ्या मते खरा मुद्दा प्रमाणाचा आहे. रोजच्या जेवणाचा मोठा हिस्सा दोन-तीन महिने लाखोळीचाच असेल, तर धोका उभा राहतो. भातासोबत वाटीभर वरण, तेही अधूनमधून, आणि जोडीला भाजीपाला असेल तर तो फारच कमी. म्हणजे हा रोग डाळीइतकाच दारिद्र्याचाही आहे. दुष्काळात इतर पिके जातात, लाखोळी तगते. नेमकी तेव्हाच ती पोटभर खाल्ली जाते.

वाचकांनी एवढे पाळावे. डाळ कढत पाण्यात काही तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे, मग भरपूर पाण्यात शिजवून वरचे पाणीही ओतून टाकावे. याने ओडॅप बरेच कमी होते, पण पूर्ण जात नाही. तूर, मूग, चणा आलटून पालटून खावेत. रोज लाखोळी खाणाऱ्याच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले किंवा पाय जड वाटू लागले, तर डाळ त्याच दिवशी बंद करावी आणि डॉक्टरांना दाखवावे.