कारवान कुत्र्यांची पैदास व घराण्याचें नांव

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांनीं देशास गुरांच्या दोन नामांकित जाती दिल्या आहेत: लाल कंधारी आणि देवणी. दोन्हींचीं नांवें गांवांवरून पडलीं, आणि दोन्हींची नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या दप्तरीं झालेली आहे. परजिल्ह्याच्या बाजारांत ‘देवणी’ एवढा शब्द उच्चारला, कीं बैलाचें निराळें वर्णन करावें लागत नाहीं. वानेरा, बालंक्या, शेवरा अशीं रंगांवरून पडलेलीं पोटनांवेंही आपल्या शेतकऱ्यांस तोंडपाठ असतात. तेव्हां नांवाची किंमत काय असते, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. तरीही याच मुलखांतील तिसऱ्या एका जातिवंत जनावराच्या बाबतींत आपण हें विसरलों आहों. तें जनावर म्हणजे कारवान कुत्रा.

जातीची ओळख

कारवान कुत्रा उंच, सडपातळ, लांबट तोंडाचा व खोल छातीचा असून त्याचें पोट आंत ओढलेलें असतें. नराची उंची खांद्यापाशीं सुमारें ६८ ते ७२ सेंटिमीटर व मादीची ६४ ते ६८ सेंटिमीटर भरते. वासापेक्षां नजरेवर सावज धरणाऱ्या कुत्र्यांत त्याची गणना होते. आखूड केसांचा तो कारवान. कान व शेपूट यांवर रेशमासारखे लांब केस असलेला तो पश्मी. मध्य आशियांतून दक्षिणेंत उतरलेल्या व्यापारी तांड्यांबरोबर याचे पूर्वज आले, असें परंपरा सांगते. पश्चिम आशियांतील सलूकी कुत्र्याशीं त्याचें रूप पुष्कळ मिळतें. चाकूर तालुक्यांतील जानवळ हें गांव या कुत्र्यांसाठीं प्रसिद्ध आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यांतील माळेगांवीं खंडोबाची यात्रा भरते. तेथें घोडे, गाढवें व गुरें यांच्याबरोबर कुत्र्यांचेंही प्रदर्शन होतें. ज्या देवाबरोबर कुत्रा असतो व ज्याचे भक्त वाघ्या म्हणवितात, त्याच्या यात्रेंत कुत्र्यास मान मिळावा हें साहजिकच आहे.

आपल्या दक्षिणेस, कर्नाटकांतील मुधोळ येथें, हीच जात संस्थानिकांच्या आश्रयानें वाढली. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनीं पंचम जॉर्ज बादशहांस या कुत्र्यांची भेट दिली. २००५ सालीं टपाल खात्यानें देशी कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं, त्यांत नांव आलें तें मुधोळचें. २०१६ सालीं लष्करानें शिक्षणासाठीं मेरठला पिल्लें नेलीं, तीं मुधोळचीं. कर्नालच्या दप्तरांतही ‘मुधोळ हाऊंड’ अशीच नोंद आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था मात्र ‘कारवान हाऊंड’ हें नांव चालविते. मुधोळकरांनीं आपलें कांहीं हिरावून घेतलें, असें मुळींच नव्हे. त्यांनीं निवडून पैदास केली. पुढें तेथें तिम्मापूर येथें श्वान संशोधन केंद्रही उभें राहिलें. आपण कुत्रीं पाळलीं व विकलीं, परंतु त्यांची मोजदाद ठेवली नाहीं.

आधीं वही, मग नांव

पैदास करणाऱ्यानें आपल्या घराण्यास स्वतंत्र नांव घेण्याची पद्धत विलायतेंतून आली. लंडनचा केनेल क्लब १८७३ सालीं स्थापन झाला, व पुढच्याच वर्षीं त्यानें कुत्र्यांच्या वंशावळींचें पहिलें पुस्तक छापलें. पद्धत अशी आहे: पैदास करणारा आपल्या श्वानगृहाचें, म्हणजे केनेलचें, नांव क्लबाच्या दप्तरीं नोंदवितो. तें नांव मग दुसऱ्या कोणास मिळत नाहीं, आणि त्या घरीं जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाच्या नांवाआधीं तें लागतें. कुत्री व्याली त्या वेळीं जो तिचा मालक, तोच पैदास करणारा, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणून विकत आणलेल्या कुत्र्याच्या नांवाआधीं आपलें नांव लावतां येत नाहीं. उलट, आपलें पिल्लू विकलें तरी आपलें नांव जन्मभर त्याच्याबरोबर जातें. हें एक प्रकारचें आडनांवच होय.

परंतु आडनांवास वजन येतें तें मागल्या पिढ्यांमुळें. सातबाऱ्याचा उतारा पाहिल्यावांचून आपण गुंठाभर जमीन घेत नाहीं. मग ज्याचा बाप कोण हें कागदावर नाहीं, त्या पिल्लास कोणी भारी किंमत कां द्यावी? ‘अमक्याच्या नराचें बीज’ ही तोंडी खूण गांवापुरती चालते. पिल्लू पुण्यास गेलें, कीं ती खूण संपली.

याहून मोठी हानि निराळीच आहे. एखादा नर नांवाजला, कीं पंचक्रोशींतील बहुतेक माद्या त्यालाच दाखविल्या जातात, आणि थोड्याच वर्षांत गांवांतील बरींच कुत्रीं एकमेकांचीं सावत्र भावंडें ठरतात. बाप-लेकीच्या संयोगापासून झालेल्या पिल्लांत सरासरीनें रुपयांतील चार आणे बीजांश आईकडून व बापाकडून एकच आलेले असतात. सावत्र भावंडांच्या पिल्लांत दोन आणे. अशा वेळीं झांकलेले दोष वर येतात, वीण लहान होते व पिल्लें दगावतात. याच्या उलट टोंकाची चूक म्हणजे वेग वाढविण्यासाठीं ग्रेहाऊंडचा संकर करून ती संतति कारवान म्हणून विकणें. या दोन्ही गोष्टी बाजारांत डोळ्यांस दिसत नाहींत. त्या वहींतच दिसतात.

म्हणून नांवाचा विचार करण्यापूर्वीं एक जाड वही घालावी. तींत प्रत्येक कुत्र्याचा जन्मदिवस, रंग व खुणा, आई-बाप व आजा-आजी लिहावीं. नर दाखविल्याची तारीख, नराच्या मालकाची सही, विण्याची तारीख, नर व माद्या किती, मेलीं किती व कशानें, विकलीं तीं कोणास, हें सर्व त्याच दिवशीं टिपावें. पिल्लाच्या कातडीखालीं मायक्रोचिप बसवून तिचा आंकडाही लिहावा, म्हणजे एकाऐवजीं दुसरें दाखविण्यास वाव राहत नाहीं. मेलेल्या पिल्लांची नोंद करण्यास लाजूं नये. पुढची जोडी ठरवितांना तीच अधिक उपयोगी पडते.

पैदाशीचे नियम

कुत्रीचा माज सुमारें तीन आठवडे टिकतो. रक्त दिसूं लागल्यापासून नवव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास बहुधा गर्भ राहतो. माज पुरा उतरेपर्यंत तिला मोकळी सोडूं नये. कारण एकाच विणींत दोन नरांचीं पिल्लें होऊं शकतात, व मग सारी वही खोटी पडते. गर्भकाळ सुमारें ६३ दिवसांचा असतो. पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पातळ अन्न सुरू करावें, जंतांचें औषध दुसऱ्या आठवड्यापासून द्यावें. सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत रोगप्रतिबंधक लशींचा आरंभ करावा व तीन महिन्यांचें झाल्यावर पिसाळ रोगाची लस टोंचावी. अशा सडपातळ जातींच्या अंगांत चरबी फार थोडी असल्यामुळें भुलीच्या कांहीं औषधांचा अंमल लवकर उतरत नाहीं; शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टरांस जात अवश्य सांगावी.

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखालीं केंद्र सरकारनें २०१७ सालीं कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम केले. त्यांप्रमाणें विक्रीसाठीं पैदास करणाऱ्यानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. अठरा महिन्यांखालील किंवा आठ वर्षांवरील मादीपासून पिल्लें घेऊं नयेत, वर्षांतून एकाहून अधिक व जन्मांत पांचांहून अधिक विणी घेऊं नयेत, जवळच्या नात्यांत जोडी लावूं नये, व आठ आठवड्यांच्या आंत पिल्लू विकूं नये. हे नियम कोणास जाचक वाटतील; पण चांगला पैदासकार ते कायदा नसतांही पाळील. तसेंच, ससा व काळवीट यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा आहे. या कुत्र्याची कीर्ति आतां राखणीवर व चपळाईवरच वाढविली पाहिजे.

नांव कसें निवडावें

दोन-तीन पिढ्यांची वही भरली, म्हणजे नांवाकडे वळावें. तें लहान व एका दमांत उच्चारतां येईल असें असावें. दप्तरांत नांव रोमन लिपींत जातें; यास्तव जें चार तऱ्हांनीं लिहिलें जाऊं शकतें, तें टाळावें. पसंतीचें नांव आधींच कोणी घेतलेलें असण्याचा संभव असतो, म्हणून दोन-तीन नांवें मनांत ठेवावींत.

गांवाचें नांव घेण्याचा मोह प्रथम होतो. परंतु जानवळच्या कुत्र्यांस जो लौकिक आहे, तो तेथील अनेक घरांनीं मिळविलेला आहे. एकानें तें नांव आपल्या एकट्याच्या हक्कांत अडकवावें हें न्याय्य नव्हे. जातीचें नांवही त्याच कारणानें वर्ज्य. देवाचें नांव विक्रीच्या मालावर घालूं नये. नद्या व डोंगर मात्र मोकळे आहेत: मन्याड, लेंडी, तेरणा, बालाघाट. मांजरा नदी आपली अन्नदात्री खरी, पण कुत्र्यांच्या घराण्यास तें नांव दिल्यास प्रदर्शनांत हंशा पिकल्यावांचून राहणार नाहीं. शेताचें जुनें नांव, विहिरीचें नांव, माळाचें नांव हीं तर सर्वांत उत्तम. तीं दुसरीकडे सहसा सांपडत नाहींत.

एका विणींतील सर्व पिल्लांचीं नांवें एकाच अक्षरानें आरंभावीं, अशी युरोपांत रीत आहे. ती आपणही क, ख, ग या क्रमानें उचलावी. पुढें केवळ नांव ऐकून पिल्लू कितव्या विणीचें, हें सांगतां येतें.

नांव घेतल्यावर आपला एखादा कुत्रा चावरा निघाला किंवा लंगडा झाला, तरी तो आपलेंच नांव मिरवीत हिंडणार. सदोष पिल्लू नांवासह विकण्यापेक्षां घरीं राखणीस ठेवावें, व त्यापासून पैदास घेऊं नये. उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा सल्ला दोन्ही जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांस जवळच आहे. जानवळ व आसपासच्या दहा घरांनीं जरी आपापल्या वह्या एका नमुन्यावर ठेवून वर्षांतून एकदां माळेगांवच्या यात्रेंत ताडून पाहिल्या, तरी नात्याबाहेरचा नर शोधण्याची अडचण पुष्कळ कमी होईल. नांव कोणतें घ्यावें याचा वाद त्यानंतर खुशाल करावा. तोंपर्यंत वहीचें पहिलें पान लिहिण्यास मुहूर्त पाहण्याचें कारण नाहीं.